अल खर्जचे झरे आणि आपल्या गावचा आड

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक स्नेहमेळाव्यात अल खर्ज येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





‘पर्यावरण रक्षण आणि आपली जबाबदारी’ असा विषय मंडळाने मला दिला आहे. मी पर्यावरणाचा पंडित नाही. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला, पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रावर काम करणारा मी एक साधा तंत्रज्ञ आहे. पंचवीसहून अधिक वर्षे मी याच अल खर्जमध्ये जमिनीतून उपसलेले खारट पाणी गाळून गोडे करण्याचे काम करीत आलो आहे. त्यामुळे पर्यावरण या विशाल विषयातील एकाच गोष्टीविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, आणि ती गोष्ट म्हणजे पाणी. त्यातही आज मला दोन पाण्यांविषयी बोलावयाचे आहे. एक, आपल्या पायांखालचे अल खर्जचे पाणी. आणि दुसरे, माझ्या गावच्या बौद्धवाड्यातील आडाचे पाणी. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो संबंध माझ्याही ध्यानी फार उशिरा आला, आणि तो ध्यानी येईपर्यंत माझ्या हातून एक अपराध घडून गेला होता. त्याची कबुली देण्यासाठीच आज मी येथे उभा आहे.

रियाधच्या आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटरवर वसलेले हे अल खर्ज. सभोवार वाळवंट, वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, आणि तरीही येथे शतकानुशतके खजुराच्या बागा डोलत होत्या. कारण येथे झरे होते. ऐन दिला, ऐन समहा ही नावे येथील वृद्ध माणसे अजूनही जिव्हाळ्याने घेतात. ‘ऐन’ या अरबी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक झरा आणि दुसरा डोळा. चुनखडीच्या खडकात खोल खचलेले ते प्रचंड खड्डे म्हणजे जणू धरणीचे डोळेच होते आणि ते पाण्याने भरलेले असत. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांनी मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. त्या डोळ्यांतले पाणी आता आटले आहे. कडेवर उभे राहून खाली पाहिले की कोरडी खोली तेवढी दिसते.

हे पाणी गेले कोठे? ते कोणी चोरले नाही; ते आपण सर्वांनी मिळून उपसले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस राजे अब्दुलअझीझ यांच्या कारकीर्दीत या झऱ्यांवर पंप बसवून शेतीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. १९४२ मध्ये अमेरिकेचे कृषी शिष्टमंडळ या देशात आले. पुढे तेलाचा पैसा आला, खोल विहिरी खोदणारी यंत्रे आली आणि मधोमध खुंटी ठोकून बैल फिरावा तसे गोल फिरत पाणी शिंपडणारे लांबलचक नळ आले. विमानातून उतरताना आपणांस जी हिरवी वर्तुळे दिसतात ती हीच. त्यांतील एकेक वर्तुळ साधारण ५० हेक्टरांचे असते. १९८०च्या दशकात सरकार जागतिक भावाच्या कित्येक पट दर देऊन गहू खरेदी करू लागले आणि १९९२ साली या वाळवंटी देशात सुमारे ४० लाख टन गहू पिकला. सौदी अरेबिया त्या काळी जगातील प्रमुख गहू-निर्यातदार देशांत मोजला जाई. मी येथे आलो तेव्हा त्या वैभवाच्या कथा अजून ताज्या होत्या. मलाही त्या ऐकून अचंबा वाटे. दुष्काळी मुलखातून आलेल्या माणसाला वाळवंटातले हिरवे शेत पाहून दुसरे काय वाटणार?

परंतु बंधूंनो, एक टन गहू पिकवावयास हजार घनमीटरांहून अधिक, म्हणजे दहा लाख लिटरांहून अधिक पाणी लागते. आणि हे पाणी कोणते? हे पावसाचे, दरवर्षी मुरणारे पाणी नव्हे. दहा-वीस हजार वर्षांपूर्वी या प्रदेशात पाऊसमान बरे होते. तेव्हा खडकांच्या थरांत मुरून राहिलेले हे पाणी आहे. शास्त्रज्ञ त्याला जीवाश्म जल म्हणतात. ज्या काळी माणसाला शेती ठाऊक नव्हती त्या काळचे ते पाणी एका पिढीने गव्हाच्या पोत्यांत भरून विकले. बापजाद्यांची ठेव मोडून सणवार साजरे करावेत, त्यातलाच हा प्रकार.

येथील राज्यकर्त्यांना ही चूक उमगली आणि त्यांनी ती मान्य केली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २००८ मध्ये त्यांनी देशी गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले आणि २०१६ मध्ये ती थांबविली. पुढे लहान शेतकऱ्यांना मर्यादित प्रमाणात पुन्हा परवानगी मिळाली, पण ते जुने प्रमाण राहिले नाही. येथील प्रचंड गोशाळांसाठी लागणाऱ्या हिरव्या वैरणीवरही नंतर तसेच निर्बंध आले. आपण जिला लसूणघास म्हणतो आणि येथे जिला बरसीम म्हणतात, ती वैरण पाण्याची मोठी भोक्ती. येथे ती पिकवावयाची नाही, म्हणून परदेशांतून आणणे आले. अलमराई या प्रसिद्ध दुग्ध कंपनीने २०१४ साली अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्यात वैरणीसाठी जमीन खरेदी केली. तेथेही भूजलावरच पीक. तेथील लोक म्हणू लागले की आमच्या विहिरींचे पाणी वैरणीच्या गठ्ठ्यांतून परदेशी चालले आहे. २०२३ मध्ये त्या राज्याच्या गव्हर्नरांनी कंपनीला दिलेल्या काही सरकारी जमिनीचा भाडेपट्टा संपुष्टात आणला. सांगण्याचे तात्पर्य, एका ठिकाणचे पाणी संपले की माणूस दुसऱ्याच्या पाण्याकडे वळतो. तहान मिटत नाही. तिचे गाव तेवढे बदलते.

या अल खर्जमध्ये पंपाच्या आधीही शेती होती, ती कोणत्या पाण्यावर? येथून जवळच फर्झान येथे प्राचीन फलजचे अवशेष आहेत. फलज म्हणजे भूमिगत पाट. डोंगरपायथ्याच्या पाणथर जमिनीपासून हलक्या उताराने खणत आणलेला आणि ठिकठिकाणी वर तोंडे ठेवलेला. मी ते प्रथम पाहिले तेव्हा मला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, आठवले. बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या माळावर फुलविलेल्या नागसेनवनात शिकत असताना आम्ही विद्यार्थी नहर-ए-अंबरीचे उसासे पाहावयास जात असू. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने शहराला पाणी आणले ते याच विद्येने. मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याने एका शहराची तहान भागविली, हे आपण विसरू नये.

या फलजचा किंवा नहरीचा एक गुण मला यंत्रावर काम करता करता कळला. उताराने जेवढे वाहून येईल तेवढेच पाणी त्यातून मिळते, अधिक नाही. पाऊस कमी झाला तर पाटाचे पाणी कमी होते आणि सर्वांनी मिळून कमी वापरावे लागते. म्हणजे मर्यादा त्या रचनेतच आहे. पंपाला अशी मर्यादा नाही. पाणी खाली गेले की आपण पाइप खाली सोडतो. आणखी खाली गेले की आणखी सोडतो. ज्याच्यापाशी पाइपाला पैसा आहे त्याला पाणी, आणि ज्याच्यापाशी नाही तो कोरडा. बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकून आपल्या मनात काही जागे होते का? मला वाटते, झाले पाहिजे. कारण ‘त्याला पाणी आणि याला नाही’ हा आपला जुना, हाडामांसाचा अनुभव आहे.

आपल्या इतिहासाचे पान उलटले की पाण्याशीच गाठ पडते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाने गृहत्याग का केला याचे उत्तर देताना त्यांनी वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिल्याची रूढ कथा स्वीकारलेली नाही. त्यांनी सांगितले ते कारण पाण्याचे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्धाचा निर्णय घेतला. सिद्धार्थाने विरोध केला आणि सुचविले, दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. ते कोणी ऐकले नाही. बहुमताच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल शिक्षेची वेळ आली तेव्हा कुटुंबावर बहिष्कार येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. पाण्याचा प्रश्न शस्त्राने सोडवावा की सर्वांनी बसून विवेकाने वाटणी करून सोडवावा, हा प्रश्न आपल्या धम्माच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

आणि महाड. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु कागदावरचे पाणी ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो स्त्री-पुरुष चवदार तळ्यावर चालत गेले, ते पाणी प्याले, आणि पाण्याबरोबर माणूसपण प्याले. हे आपणां सर्वांना पाठ आहे. परंतु पुढे दहा वर्षे जो खटला चालला त्यातील मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे होते की हे तळे सार्वजनिक नाहीच; ते आमचे आहे आणि तुम्हांला दूर ठेवण्याची वहिवाट पुरातन आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. म्हणजे महाडचा लढा ‘आम्हांला पाणी द्या’ एवढाच नव्हता. ‘पाणी सर्वांचे आहे’ असा होता. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव करता येणार नाही, असे लिहिले गेले, त्याचे मूळ महाडच्या त्या पायऱ्यांवर आहे.

आता एक कायदा पाहू. चवदार तळे सर्वांचे ठरले. पण जमिनीखालचे पाणी? ब्रिटिशांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीच्या पोटातले पाणी तिच्या मालकाने आपल्या हद्दीत हवे तेवढे काढावे, अशी स्थिती आहे. जमीन ज्याची, पाणी त्याचे. आणि आपल्या समाजातील बहुसंख्य माणसे तर भूमिहीन. तळ्यावरचा पहारा उठला, पण तळ्याचे पाणी ज्या भूगर्भातून येते त्याला मात्र सातबाऱ्याची दारे लागली. गावोगावी विंधन विहिरी खोल गेल्या, सार्वजनिक विहिरी आटल्या आणि ज्या विहिरीवर समान हक्क मिळाला ती विहीरच कोरडी झाली. हक्क उरला, पाणी गेले.

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी आई सांगत असे, तिच्या तरुणपणी वाड्यातल्या बाया गावच्या विहिरीपासून दूर घागरी मांडून बसत आणि ‘पाणी वाढा माय’ म्हणून हाका मारीत. कोणाला दया आली तर वरून धार पडे. १९७२ च्या दुष्काळात वाड्यातल्या माणसांनी मुरूम फोडून स्वतःचा आड खणला. ६० फूट खोल. त्याला पाणी लागले त्या दिवशी आईने घरात गोडधोड केले होते. या आडाने आम्हांला तीस वर्षे पोसले.

मी येथे आलो, चार पैसे गाठीला लागले. दादाने आडापासून तीनशे मीटरवर तीन एकर जमीन घेतली. आमच्या घराण्यात प्रथमच सातबाऱ्यावर नाव चढले. २००४ साली मी येथून पैसे पाठविले आणि त्या जमिनीत ३५० फुटांचे बोअर पाडले. पाण्याची धार उसळली तेव्हा दादाने मला फोनवरून तिचा आवाज ऐकविला होता. मी येथे खोलीत एकटाच होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आले. आम्ही मोसंबी लावली. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून दुसरी विहीर खोदू नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ पासून होता. आम्हांला तो ठाऊक नव्हता, कोणी विचारलेही नाही. आणि खरे सांगतो, ठाऊक असता तरी त्या आनंदात आम्ही तो पाळला असता की नाही, हे मला सांगता येत नाही.

२०१२-१३ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. आमचे बोअर मात्र कसेबसे चालत होते. मी एप्रिलमध्ये रजेवर गेलो. आड डिसेंबरातच आटला होता आणि वाड्यातल्या बाया टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. मी चुलतीच्या पाया पडलो. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “पोरा, गावच्या इहिरीवर चढू दिलं न्हाई म्हणून आम्ही ह्यो आड खणला. तो आता तुह्या बोरनं पेला. आता आम्ही कुठं जावं, तूच सांग.”

मी पाण्याचा तंत्रज्ञ. मला उत्तर ठाऊक होते आणि म्हणूनच मला बोलता येईना. आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या पाषाणाचा. त्यात वाळूसारख्या थरांत पाणी साठत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच. आड त्या वरच्या थरावर जगतो. बोअर त्याच भेगांना छेदून खाली जाते आणि वरचे पाणी त्या छिद्रातून खाली उतरते. शिवारात आमचे एकच बोअर नव्हते, चाळीसेक होते, हे खरे. पण आडाच्या सर्वांत जवळचे आमचे होते. ज्या वाड्याने मला शिकविले त्याच वाड्याच्या तोंडचे पाणी माझ्या परदेशातल्या कमाईने ओढले होते. अल खर्जच्या कोरड्या झऱ्यांकडे मी इतकी वर्षे परक्याची चूक म्हणून पाहत होतो. त्या दिवशी मला कळले की मीही एक छोटेसे अल खर्ज घडविले आहे.

मी दादाला म्हणालो, बोअर बंद करू. दादाने जे उत्तर दिले ते मी आपल्यापुढे जसेच्या तसे ठेवतो, कारण ते टाळून हा विषय संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणाला, “तीन पिढ्यांनंतर आपल्याला जमीन मिळाली. वरच्या आळीत एकेकाची पाच पाच बोअर आहेत, उसाला पाणी चालू आहे. त्यांना कोणी विचारत नाही. पर्यावरणाचे शहाणपण आपल्याच वाट्याला का?”

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न न्याय्य आहे. जगातील श्रीमंत राष्ट्रे गरीब राष्ट्रांना धूर कमी करा म्हणून सांगतात, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. ज्याने आधी भोगले त्याने नंतर आलेल्याला संयम शिकवू नये. परंतु यावरून निष्कर्ष कोणता काढावयाचा? सर्वांनी समान उपसा करावा, हा? समान उपशात ज्याला जमीन नाही त्याचा मुळी विचारच नाही. दादाचा प्रश्न जेवढा वरच्या आळीला आहे, तेवढाच चुलतीचा प्रश्न दादाला आहे. समतेची साखळी आपल्यापाशी येऊन थांबत नाही. ती आपल्या खालच्या माणसापर्यंत गेली पाहिजे. तेव्हा उत्तर एकच. नियम सर्वांना लागू हवा आणि त्यात भूमिहीनाचा वाटा हवा.

हे स्वप्नरंजन नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या संख्येप्रमाणे वाटले गेले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला बंदी. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. त्या एका नियमात मला महाडचा पुढला टप्पा दिसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने शेतीसाठी विंधन विहिरींना मज्जाव केला आणि दरवर्षी पावसाचे माप पाहून पिकांचा पाणी-ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहिरींस मनाई केली आहे. कायदा आहे, तो ग्रामसभेत उच्चारणारी जीभ हवी. आणि ती जीभ आपले हात स्वच्छ असतील तरच धारदार होते.

बाबासाहेबांची दृष्टीही हीच होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना आणि केंद्रीय जलमार्ग आयोगाची स्थापना ही त्या काळातील कामे. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे महानदीच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी जे प्रतिपादन केले त्याचा आशय असा की, पाण्याला संकट समजून समुद्राकडे हाकलणे ही चूक आहे; पाणी हे लोकांचे धन आहे आणि ते साठवून लोकहितासाठी वापरावयाचे आहे. ‘लोकांचे’ हा शब्द महत्त्वाचा. मालकाचे नव्हे, लोकांचे. आपण ज्यांच्या देशात राहतो त्यांच्या परंपरेतही पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व माणसे भागीदार आहेत, असे वचन मानले जाते. चांगल्या विचाराला सीमा नसते.

हे सर्व आजच इतक्या तातडीने का सांगावयाचे? कारण हवामान बदलते आहे. येथील उन्हाळा आपण भोगतोच. जून २०२४ मध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि त्या हज यात्रेत तेराशेहून अधिक यात्रेकरूंना मृत्यू आला. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करवून घेण्यास येथे मनाई आहे. आपल्यातील जे बंधू बांधकामावर आहेत त्यांनी हा नियम आपल्या जिवासाठी आहे हे ओळखून त्याचा आग्रह धरावा. तिकडे आपल्या मराठवाड्यात पाऊस पूर्वीसारखा दिवसेंदिवस रिमझिमत नाही. दीर्घ खंड पडतो आणि मग ढग कोसळावा तसा कोसळतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्याची शेते पुराखाली गेली. असा धसमुसळा पाऊस मुरत नाही, वाहून जातो. तेव्हा जो थोडा काळ पाणी अंगणात थांबेल तेवढ्यात ते जमिनीत उतरविणे, हाच पुढील काळातील शहाणपणाचा मार्ग.

आशेचे उदाहरणही येथेच आहे. रियाधकडून अल खर्जच्या दिशेने येणारे वादी हनीफा हे खोरे एके काळी राडारोडा आणि सांडपाण्याचे आगर झाले होते. ते स्वच्छ करण्यात आले. दगडांचे बंधारे, वनस्पती आणि मासे यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध होऊ लागले, आणि त्या कामाला २०१० मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. बिघडविलेले सुधारता येते, मात्र आटलेले जीवाश्म पाणी परत आणता येत नाही. आपले भाग्य हे की आपल्या काळ्या पाषाणातले पाणी जीवाश्म नव्हे. चांगल्या पावसाळ्यात, आपण मुरू दिले तर, ते पुन्हा भरते. अल खर्जला ही संधी नाही. आपल्याला आहे.

माझ्या गावी काय झाले तेही सांगतो, सोन्याने मढवून नव्हे. दादाने पुष्कळ वाद घातला. अखेर दोन एकर मोसंबी काढली, एक एकर ठिबकवर ठेवली. उन्हाळ्यात बोअरचे पहिले दोन तास वाड्याच्या टाकीसाठी द्यावयाचे ठरले आणि ते पाळले गेले. आडाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर दगडमातीचा बांध घातला, वाड्यातल्या छपरांचे पाणी खड्ड्यांतून मुरविले. वरच्या आळीची बोअर अद्याप चालू आहेत. आड पूर्वीसारखा बारमाही झालेला नाही. पण डिसेंबरात आटत असे तो आता फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरतो. चुलती आज हयात नाही. तिचा प्रश्न मात्र मी जपून ठेवला आहे.

म्हणून आपणांस माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण गावी शेतीसाठी पैसे पाठवितात. बोअरसाठी पैसे मागितले गेले तर आधी एक प्रश्न विचारा : सर्वांत जवळची सार्वजनिक विहीर किती अंतरावर आहे? शेततळे करावयाचे असेल तर ते पावसाच्या पाण्याने भरू द्या. बोअर उपसून तळे भरणे म्हणजे जमिनीतले पाणी उन्हाला पाजणे होय. स्वतःच्या पाण्यावर जेवढा खर्च कराल त्याचा काही हिस्सा वाड्याच्या विहिरीचा गाळ काढण्यासाठी आणि ओढ्यावरच्या बांधासाठी द्या. रजेवर जाल तेव्हा ग्रामसभेला बसा आणि भूमिहीनांच्या वाट्याचा विषय मांडा. आणि येथे, या देशात, नळ उघडताना मुलांना सांगा की रियाधला येणारे पाणी समुद्रातून उपसून, जुबैलसारख्या ठिकाणी गोडे करून, चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर नळातून आणलेले असते, आणि त्या प्रत्येक घोटामागे इंधन जळालेले असते.

२०२७ हे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. त्या निमित्ताने सभा होतील, मिरवणुका निघतील, स्मरणिका छापल्या जातील. त्या अवश्य व्हाव्यात. पण प्रत्येक कुटुंबाने आपापल्या गावच्या एका सार्वजनिक विहिरीला पाणी येईल असे एक काम त्या वर्षात केले, तर तीच महाडच्या वीरांना खरी मानवंदना ठरेल. आपल्या पूर्वजांनी पाण्याला हात लावण्यासाठी डोकी फोडून घेतली. आपल्या नातवंडांनी त्या विहिरीत वाकून पाहावे तेव्हा त्यांना पाण्यात आपले मुख दिसावे, एवढेच माझे मागणे आहे.



जयभीम! जय भारत!